स्वस्त यंत्राची कैफियत

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन गावांचा इतिहास लिहावयास जो कोणी बसतो, तो बहुधा शिलाहारांच्या ताम्रपटांपासून आरंभ करतो, कान्हेरीच्या शिलालेखांत ज्यांची दाने कोरली गेली त्या कल्याणच्या व्यापाऱ्यांना एक परिच्छेद देतो, आणि मग पोर्तुगीजांचा अंमल, कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी बांधावयास घेतलेली गलबते, १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत हस्तगत झालेला ठाण्याचा कोट व १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघून ठाण्यास पोहोचलेली पहिली आगगाडी, असे मुक्काम करीत करीत तो विसाव्या शतकाच्या मध्यावर येऊन थांबतो. डोंबिवलीस या प्रवासात बहुधा उतरावयासही मिळत नाही. वस्तुतः आज ज्या रूपात ही शहरे आपण ओळखतो ते रूप त्यांना आले ते त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत. गिरगाव, दादर, परळ येथील दोन खोल्यांतून उठलेली कुटुंबे मालकी हक्काच्या जागेच्या आशेने रेल्वेच्या रुळांलगत पूर्वेकडे सरकत गेली, भातखाचरांवर चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाण्यास व पुढील वर्षी त्याच तारखेस कल्याण-डोंबिवलीस महानगरपालिकेची सनद मिळाली. या कालखंडाचा बखरकार कोण, असा प्रश्न केला तर दप्तरखान्यांकडे बोट दाखवून भागत नाही. त्याचे उत्तर घराघरांच्या माळ्यांवर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवलेल्या काळ्या कॅसेटांत आहे.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिका ज्या १९८३ साली अस्तित्वात आली, त्याच साली जपानच्या सोनी कंपनीने 'बीटामूव्ही' हे यंत्र बाजारात आणले. तोवर कॅमेरा खांद्यावर आणि फीत फिरविणारे जड यंत्र कमरेला किंवा दुसऱ्या माणसाच्या गळ्यात अशी जी दुहेरी यातायात होती, ती संपवून चित्र घेणे आणि फितीवर उतरविणे ही दोन्ही कामे त्याने एका पेटीत आणली. या दोन घटनांचा योगायोगापलीकडे काही संबंध नाही. तथापि पुढे जी पंचवीस वर्षे या शहरांच्या वाढीची, तीच या यंत्राच्या भरभराटीची ठरली, त्यामुळे एकाची हकीकत दुसऱ्यावाचून सांगता येत नाही. यंत्र स्वस्त होते, साधे होते, आणि अनेक बाबतींत सदोष होते. त्याचे गुण आणि दोष जमाखर्चाप्रमाणे समोरासमोर मांडले असता, दोष म्हणून जे खर्ची पडतात त्यांतील कित्येक इतिहासाच्या खात्यात जमेस धरावे लागतात, असे माझे मत झाले आहे, आणि या कैफियतीचा विषयही तोच आहे.

स्वस्ताईचे महत्त्व कळण्यासाठी महागाईचा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चित्रे दाखविली गेली, ती पाहून भारावलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून रायली कंपनीचा कॅमेरा मागविला, त्याची किंमत २१ गिनी होती. त्या काळच्या हुंडणावळीने ही रक्कम सुमारे ३३० रुपये भरते, म्हणजे कचेरीतील एखाद्या कनिष्ठ कारकुनाचा वर्षभराचा पगार तीत सहज बुडाला असता. या कॅमेऱ्याने सावेदादांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना टिपला, आणि तो धुण्यासाठी लंडनला पाठविला. पुढे १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून कीर्ती संपादून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे, आणि नंतर १९०३ च्या दिल्ली दरबाराचे चित्रण त्यांनी केले. कुस्ती, सत्कार, दरबार! फितीचा प्रत्येक फूट ज्याला पैसे मोजून घ्यावा लागतो आणि सातासमुद्रांपलीकडे धुवावयास पाठवावा लागतो, तो मनुष्य दुसरे काय टिपणार? फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली खरी, पण तीही एकेक चित्र घेऊन, पडद्यावर मिनिटभरात उरकेल अशी.

हौशी मंडळींसाठी पुढे १९२३ साली सोळा मिलिमीटरची, १९३२ साली आठ मिलिमीटरची आणि १९६५ साली सुपर-आठ नावाची फीत निघाली, आणि आपल्याकडील एखाद्या सुखवस्तू डॉक्टराच्या किंवा कारखानदाराच्या घरी ती पोहोचलीही. परंतु सुपर-आठच्या एका डबीत ५० फूट फीत असे आणि सेकंदाला १८ चित्रे या गतीने ती ३ मिनिटे २० सेकंदांत संपे. तीन तासांचे लग्न सबंध टिपावयाचे तर अशा ५४ डब्या लागल्या असत्या. अर्थात तसे कोणी केले नाही. माणसे हसली की कॅमेरा चालू आणि हसू ओसरले की बंद, अशी ती मितव्ययी रीत होती. परिणामी त्या काळच्या घरगुती चित्रपटांत सगळी माणसे एकसारखी प्रसन्न, नीटनेटकी आणि मुकी दिसतात.

१९७६ साली जपानच्या जेव्हीसी कंपनीने काढलेल्या व्हीएचएस कॅसेटने हा हिशेबच उलटा केला. एका कॅसेटमध्ये १८० मिनिटे बसत, ती धुवावी लागत नसे, आणि न आवडलेला मजकूर पुसून पुन्हा वापरता येई. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत संच घरोघर आले, त्यांच्या मागोमाग व्हीसीआर आले, आणि पडद्यावर दुसऱ्यांची चित्रे पाहणाऱ्या कुटुंबांस आपलीही चित्रे त्या पडद्यावर दिसावीत अशी स्वाभाविक इच्छा झाली. परंतु आयातीवर निर्बंध आणि जकात भारी, त्यामुळे कॅमेरा सरळ मार्गाने दुकानात येणे दुरापास्त होते. तो येई मस्कत-दुबईस नोकरीला असलेल्या मेव्हण्याच्या सामानातून, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटातून, जेथे पावती, हमी आणि प्रश्न या तिन्ही गोष्टींचा व्यवहार निषिद्ध होता.

अमेरिकेस गेलेल्या नातलगाने प्रेमाने आणलेला कॅमेरा मात्र बहुधा शोभेची वस्तू होऊन बसे. त्या देशातील दूरचित्रवाणीची पद्धत ५२५ रेषांची आणि सेकंदाला ६० क्षेत्रांची, आपली ६२५ रेषांची आणि ५० क्षेत्रांची. तिकडची फीत आपल्या संचावर लावली की चित्र रंगहीन तरी होई किंवा वरून खाली गडगडत तरी राही. शिवाय आपल्या विजेच्या ५० आवर्तनांवर पेटलेल्या ट्यूबलाइटखाली तो कॅमेरा चालविला तर सगळे घर थरथरल्यासारखे उजळे-मावळे, आणि ११० व्होल्टांचा त्याचा चार्जर आपल्या २३० व्होल्टांत खुपसला तर धूर निघे. गल्फमधील मेव्हणा आणि न्यू जर्सीतील भाचा यांच्या प्रेमात तफावत नव्हती. तफावत होती ती दोन खंडांच्या विद्युत्पद्धतीत, पण डोंबिवलीच्या दिवाणखान्यात त्याचे श्रेय किंवा खापर माणसांवरच फुटे.

व्यवसाय सुरू झाला तो असा. फोटो स्टुडिओच्या पाटीवर 'व्हिडिओ शूटिंग' एवढे दोन शब्द वाढले. ज्यापाशी भांडवल तो कॅमेऱ्याचा मालक, ज्यापाशी हात तो रोजावर काम करणारा शूटिंगवाला, आणि ज्यापाशी यांपैकी काही नाही तो हॅलोजन धरणारा पोरगा, अशी त्रिस्तरीय व्यवस्था थोड्याच काळात रूढ झाली. पॅनासोनिकच्या एम-३००० आणि एम-९००० या खांद्यावर घ्यावयाच्या कॅमेऱ्यांची नावे या मंडळींच्या तोंडी घरच्या माणसांसारखी होती. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम लागे. ठाण्याच्या शूटिंगवाल्याला बदलापूरचे लग्न, कल्याणच्याला मुलुंडचे, आणि मुहूर्त सकाळचा. कॅमेरा, दोन बॅटऱ्या, हॅलोजन, वायरीचे भेंडोळे आणि तिपाई हे सारे लटांबर लोकलच्या लगेजच्या डब्यात, भाजीच्या पाट्या आणि माशांच्या टोपल्या यांच्यामध्ये, पोटाशी धरून न्यावे लागे. जाहिरातीत कॅमेऱ्याचे वजन किलोग्रॅममध्ये छापलेले असते, पण त्या वजनाचा अर्थ दिव्याला गाडी बदलून पाहिल्यावाचून कळत नाही. चातुर्मासात लग्ने बंद. तेव्हा गणपती, दहीहंडी आणि नवरात्र यांवर गुजराण. नव्वदीत केबलवाल्यांचे स्थानिक चॅनल निघाले आणि मासुंद्याच्या तळ्यावरील किंवा दुर्गाडीच्या खाडीवरील विसर्जनाची कॅसेट रात्री त्यावर लागू लागली, तेव्हा आपल्या आळीचा गणपती दूरदर्शनसंचात पाहून लोकांना जो हर्ष होई तो नाशिकच्या कुंभमेळ्याची बातमी पाहून होत नसे.

आता दोषांकडे वळू. पहिल्या पिढीच्या कॅमेऱ्यांत प्रतिमा पकडण्याचे काम एक निर्वात नळी करी, आणि या नळीला प्रखर उजेडाचे विस्मरण लवकर होत नसे. आरतीचे निरांजन डावीकडून उजवीकडे फिरले की त्याच्या मागे प्रकाशाची एक शेपटी रेंगाळत राही आणि पाचव्या फेऱ्यापर्यंत देवाच्या मुखापुढे तांबूस रेघांचे जाळे विणले जाई. नळ्या जाऊन सीसीडी चकत्या आल्या तेव्हा शेपट्या गेल्या, पण प्रत्येक दिव्यातून वरखाली जाणारी पांढरी उभी रेघ आली. विसर्जनाच्या मिरवणुकीच्या जुन्या फितींत ट्रकवरच्या हॅलोजनांतून आकाशापासून जमिनीपर्यंत असे पांढरे खांब उभे दिसतात. उजेड कमी पडला की चित्रावर रवाळ मुंग्या येत, म्हणून हजार वॅटचा हॅलोजन वधूवरांच्या तोंडावर रोखावा लागे. त्या उष्म्याने वधूचे काजळ आणि वराचा संयम दोन्ही वितळत. कार्यालयाचा फ्यूज उडे तो निराळा.

परंतु स्वस्त कॅमेऱ्याची खरी परीक्षा अंतरपाटाशी होई. भिंगासमोर जे जवळ असेल त्यावर आपली नजर आपोआप स्थिर करावयाची, हा त्या यंत्राचा धर्म. मंगलाष्टके चालू असताना समोर अंतरपाट, त्यावर कुंकवाचे ठसठशीत स्वस्तिक, म्हणून ऑटोफोकस त्या कापडाच्या विणीवर खिळून राही. शेवटचे 'सावधान' होऊन गुरुजींनी अंतरपाट ओढला की मागचे दोन चेहरे धुक्यात. यंत्र पुढे जाई, मागे येई, मध्येच भिंगासमोरून पडणाऱ्या अक्षतांकडे वळे, आणि दोन-तीन सेकंदांनी त्याला वधूवर सापडत तोवर माळा गळ्यांत पडून गेलेल्या असत. मुरलेला शूटिंगवाला याकरिता मंगलाष्टकांच्या शेवटच्या चरणाआधी फोकस हाती घेऊन, अंतरपाटावरून डोकावणाऱ्या वराच्या मुंडावळ्यांवर तो लावून ठेवी. सर्वांत स्वस्त कॅमेऱ्यावर ते बटणच नसे. अशा फितींत लग्नाचा तो एकमेव क्षण, ज्याकरिता एवढा खटाटोप, नेमका अस्पष्ट सापडतो.

चित्राच्या धारेचा प्रश्न त्याहून वेगळा. व्हीएचएसवर आडवा तपशील सुमारे २४० रेषांइतकाच उमटे. त्यावर मिक्सिंग करताना एका यंत्रातून दुसऱ्यात नक्कल होई, आणि दर नकलेस रंग थोडा ओघळे, कडा थोड्या झिजत. यजमानाच्या हाती पडे ती प्रत बहुधा नकलेची नक्कल. शेजारच्या काकूंनी पाहावयास नेलेल्या प्रतीत नवऱ्या मुलीचा शालू आणि मागचा पडदा यांतील सीमारेषा केवळ तर्काने ठरवावी लागे.

यंत्राच्या किमतीवरून यजमानाची प्रतिष्ठा ठरते, हे व्यवसायातील जुने सत्य यंत्रोत्पादकांच्याही ध्यानी आले असावे. डिजिटल फिती आल्या, कॅमेरे तळहातावर मावू लागले, आणि लग्नघरी तक्रार सुरू झाली की एवढे पैसे घेऊन हा खेळणे कसले घेऊन आला! २००७ साली सोनीने एचव्हीआर-एचडी१००० नावाचा जो कॅमेरा काढला आणि जो आपल्याकडच्या मांडवांत वर्षानुवर्षे मिरवला, त्याचे बाह्य स्वरूप खांद्यावर घेऊन दबदबा पडावा इतके विशाल, पण आतील ग्राहक चकती एकच आणि हौशी हँडीकॅमच्या मापाची. त्याच्या पोटात बरीचशी हवा होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मला हा कॅमेरा सर्व कॅमेऱ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण आपण कशासाठी निर्माण झालो आहोत हे तो लपवीत नाही: चित्रासाठी थोडा, देखाव्यासाठी पुष्कळ.

घरगुती हँडीकॅमची हकीकत याच्या उलट. १९८९ साली सोनीने ७९० ग्रॅमचा टीआर-५५ काढला आणि पुढील दहा-बारा वर्षांत त्याची स्वस्त भावंडे, आठ मिलिमीटरच्या कॅसेटवर चालणारी, संगणकाच्या नोकरीनिमित्त परदेशवारी करून आलेल्या मुलांबरोबर ठाणे-डोंबिवलीत मुबलक उतरली. डब्यावर शेकडो पटींच्या डिजिटल झूमचे आश्वासन ठळक अक्षरांत छापलेले असे. ते व्यर्थ होते, कारण त्यात दृश्य जवळ येत नसे, फक्त चौकोन मोठे होत. पण भिंगाचा खरा झूम चांगला वीसपट असे, आणि त्याने एक निराळाच अनर्थ केला. शाळेचे स्नेहसंमेलन, रंगमंचावर कोळीनृत्य करणारी चाळीस मुले, आणि सभागृहात मागे उभे असलेले वडील. त्यांच्या फितीत सबंध सात मिनिटे एकच मूल दिसते, बाकीची एकोणचाळीस केवळ कोपर, टोपली किंवा वल्हे या रूपाने चौकटीत शिरतात आणि बाहेर जातात. वडिलांच्या दृष्टीने फीत परिपूर्ण. त्या वर्षीचे संमेलन कसे झाले हे जाणू इच्छिणाऱ्याने चाळीस घरांच्या चाळीस फिती गोळा कराव्यात.

चित्राच्या कोपऱ्यात पिवळट-पांढऱ्या अंकांत उमटणारी तारीख हा रसिकांना खटकणारा आणखी एक दोष. इतिहासाच्या अभ्यासकाला ती पर्वणी वाटावी, आणि तिथेच त्याची फसगत व्हावी, असे तिचे वर्तन असे. घड्याळ चालविणारी आतली बारीक बटण-बॅटरी संपली की यंत्र मुकाट्याने कारखान्यातील मूळ तारखेवर जाई, आणि कोणी लक्ष न घातल्यास फडके रोडवरील दिवाळीची पहाट किंवा गणेश मंदिर संस्थानाने नव्वदीच्या अखेरीस सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, दोन्ही एक जानेवारीस साजऱ्या झालेल्या दिसत. मग भिंतीवरच्या कालनिर्णयाचे उघडे पान पाहून खरा महिना ठरवावा लागतो. मोडी कागदांवरील संदिग्ध तिथी मजकुरातील उल्लेखांवरून पडताळणारी वि. का. राजवाड्यांची परंपरा येथे अनपेक्षितपणे कामास येते.

भारनियमनाचाही या यंत्रांनी एक विचित्र दस्तऐवज करून ठेवला आहे. १९९८ च्या सुमारास सोनीने आपल्या कॅमेऱ्यांत 'नाइटशॉट' ही सोय घातली. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या साहाय्याने काळोखातही चित्र मिळे, मात्र सर्वस्वी हिरवे. २००५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तासन्‌तास वीज जाई तेव्हा कल्याण-डोंबिवलीतील कित्येक वाढदिवस या हिरव्या उजेडात टिपले गेले: केक हिरवा, आजी हिरवी, आणि सर्वांचे डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे चकाकणारे.

आता जमेची बाजू. चित्रपट ही बखर मानली तर स्वस्त कॅमेऱ्याची फीत ही रोजकीर्द होय. बखरीत निवड असते, रचना असते, नायक असतो. कीर्दीत जे ज्या क्रमाने घडले ते त्या क्रमाने उतरते, आणि तिचा लेखक तिच्यातून काय सिद्ध होईल याची फिकीर करीत नाही. वि. का. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांवर विश्वास ठेवला तो याच कारणास्तव. फीत स्वस्त, तीन तास चालणारी, म्हणून यंत्र चालू ठेवून विसरणे परवडत होते. हा विसरभोळेपणा सावेदादांना आणि सुपर-आठवाल्या डॉक्टरांना परवडला नसता.

माझ्या पाहण्यात आलेली डोंबिवलीतील एका मुंजीची नव्वदीच्या आरंभीची फीत घ्या. मातृभोजन, भिक्षावळ वगैरे विधी जसे सर्वत्र असतात तसे आहेत, त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. मात्र मुख्य विधी आटोपल्यावर शूटिंगवाल्याने कॅमेरा, बंद न करताच, गॅलरीच्या दाराशी एका स्टुलावर ठेवला असावा आणि तो पंगतीस बसला असावा. कारण पुढील वीस-बावीस मिनिटे चौकट किंचित तिरकी असून हलत नाही. तीत दिसतो तो पंक्तीचा अर्धा भाग, वाढप्यांचे पाय, जिलबीच्या ताटाचा कडेचा तुकडा, आणि हात सुकवीत उभे असलेले दोन गृहस्थ. कॅमेऱ्याच्या माथ्यावरचा माइक हलक्या प्रतीचा. दूरचे त्याला ऐकू येत नाही, आणि शांतता झाली की तो आपण होऊन पंख्याची घरघर मोठी करतो. विधीच्या वेळी याच माइकाने गुरुजींचे मंत्र सोडून मागच्या दोन मावश्यांचा साड्यांविषयीचा संवाद सुस्पष्ट टिपला होता. आता तो या दोन गृहस्थांचे बोलणे टिपतो: पाणी कोणत्या मजल्यापर्यंत चढते, सोसायटीची नोंदणी बिल्डर का लांबवितो, सकाळच्या गाडीत कल्याणहूनच जागा भरून येतात तेव्हा उलट कल्याणला जाऊन बसून यावे की काय, आणि गिरगावातली खोली सोडली याचा पस्तावा होतो की नाही. पस्तावा होत नाही, असे त्यांतील एकजण दोनदा सांगतो. त्याच्या बोलण्यातील मालवणी हेल आणि दुसऱ्याचे घाटी वळण, मध्येच एका वृद्धेने चपलांविषयी दिलेली ताकीद, वाढप्याचा 'मसालेभात, मसालेभात' हा पुकारा, ही त्या काळच्या डोंबिवलीची भाषा होय. ती कोणत्याही नाटकात इतकी निर्हेतुक सापडणार नाही, कारण नाटककाराने ती निवडली असती.

याच फितीतील एक जागा यंत्राची बाजू आणि त्याविरुद्धचा पुरावा एकदमच देते. गॅलरीपलीकडे पांढरेफटक आहे. घरातील उजेडावर बेतलेल्या भिंगाच्या बाहुलीस बाहेरचे ऊन पेलत नाही, म्हणून बाहेरचे सर्व जग पुसले गेले आहे. पंगतीनंतर शूटिंगवाला येऊन कॅमेरा उचलतो, आणि उचलता उचलता तो क्षणभर सरळ बाहेर रोखला जातो; बाहुली आकुंचित होते, घर काळे पडते, आणि त्या पांढऱ्या पोकळीत एक बांध, कापणी झालेली खाचरे, दूर एक अर्धवट उभी इमारत व तिच्या बांबूंची परांची, एवढे दोन सेकंद स्पष्ट दिसते. तेथे आज मोकळी जागा म्हणून काही शिल्लक नाही. जो कॅमेरा दोन्ही प्रकाश एकाच वेळी पेलू शकला असता तो दहा पट महाग असता, आणि त्या मुंजीस आला नसता.

या कीर्दीचा नाश कसकसा झाला तेही नमूद केले पाहिजे. पहिला शत्रू मिक्सिंग. दिलाच्या आकारात उघडणारी चित्रे, कमळातून प्रकट होणारी वधू, आणि सर्वांवर पसरलेली चित्रपटगीते, हे यजमानास हवे असे. परंतु गीत घालावयाचे तर मूळ आवाज काढावा लागे, आणि त्या आवाजाबरोबर वर सांगितलेले सर्व बोलणे गेले. दुसरा शत्रू काटकसर. कॅसेट पुन्हा वापरता येते हा तिचा गुण, म्हणून संपादन उरकले की मूळ फीत पुढच्या लग्नास जाई, असा शिरस्ता होता. तिसरा शत्रू आमची हवा. फितीवरील चुंबकीय कण ज्या चिकट थराने धरून ठेवलेले असतात तो दमटपणाने विघटित होतो आणि त्यावर पांढरी बुरशी चढते. खाडीकाठच्या पावसात माळ्यावर दहा वर्षे राहिलेली कॅसेट यंत्रात घातली की हेड भरते, चित्र बर्फाळते, आणि वेळीच थांबविले नाही तर फीत चुरगळते. आणि २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर, कल्याण येथील तळमजले बुडाले तेव्हा गाद्या, शिधापत्रिका आणि दाखले यांबरोबर कॅसेटांचे गठ्ठेही चिखलात गेले. शिधापत्रिकेची नक्कल मिळण्यास निदान अर्ज तरी करता येत होता.

ज्या वाचल्या त्या वाचावयाची यंत्रे आता दुर्मीळ. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत व्हीसीआर बनविणे थांबविले; तसे करणारी ती शेवटची. ठाण्यातील मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून छापील अक्षराचा सांभाळ करीत आले आहे, पण कॅसेटीस अशी वास्तू लाभली नाही. स्टेशनाजवळच्या दुकानांत 'कॅसेटवरून पेनड्राइव्ह' अशा पाट्या असतात, तेथे दर तासावर ठरतो, म्हणून गिऱ्हाईक सांगते की मुख्य विधी तेवढे घ्या, बाकी रिकामे आहे ते वगळा.

शूटिंगवाल्यांची नवी पिढी या तक्रारींपासून मुक्त आहे. २००८ साली कॅननच्या फाइव्ह-डी मार्क-टू या स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यात सिनेमासारखे चित्रण शक्य झाले, आणि मांडवातील दृश्य एकाएकी देखणे झाले. पार्श्वभूमी मऊ, चेहरा धारदार, मंद गतीने उडणाऱ्या अक्षता. चित्रणाचा एक तुकडा सुमारे बारा मिनिटांपलीकडे त्यात चालत नसे, पण त्याची कोणास खंत नव्हती, कारण आता लग्नघराची मागणी असते ती तीन-चार मिनिटांच्या 'हायलाइट'ची. ५० फुटांच्या डबीने हौशी डॉक्टरांवर जी मर्यादा घातली होती तिच्याच जवळपास अभिरुचीने आपण होऊन आम्हांस आणून सोडले. त्या तीन मिनिटांत सगळी माणसे पुन्हा प्रसन्न, नीटनेटकी आणि मुकी असतात. उरलेले चित्रण हार्डडिस्क भरली की पुसले जाते, आणि या एका बाबतीत कॅसेटच्या काळातील शिरस्ता अद्याप अबाधित आहे.